भुंग्यानं उष्टावलेलं फूल

करमाळ्याच्या कमलाभवानीला वाहायचं फूल कुणी हुंगलं, की घरातलं वडीलधारं माणूस डाफरतंच: आता ते देवीला चालायचं नाही!

पण खुडण्याआधी त्याच फुलात मधमाशी तोंड बुडवून गेलेली असते, त्याचं काय? करमाळ्याच्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरी नांदलेल्या नामदेवांना हा पेच सुमारे सातशे वर्षांपूर्वी पडला. गुरू ग्रंथ साहिबात, आसा रागात, त्यांचं ते पद आहे. पाण्यात जीवजंतू, फुलाचा वास भुंग्यानं आधीच घेतलेला, दूध वासरानं उष्टावलेलं. मग देवाला द्यायचं काय? नामदेव सोवळंच मोडीत काढतात: जिकडे जावं तिकडे विठ्ठलच.

उत्तर बिनतोड, पण शेतात अवघड; तिथं फुलाकडे येणाऱ्या किडीला फसवावंच लागतं. टोमॅटोत झेंडूची ओळ लावतात ती शोभेला नव्हे. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे ओढला जातो, तिथंच अंडी घालतो. तुळशीची तर आणखी गंमत. डास पळवते म्हणून तिची ख्याती (कुंडीतल्या रोपानं फारसे पळत नाहीत), पण तिच्यातल्या मिथाइल युजेनॉलवर फळमाशीचे नर तुटून पडतात. आंबा-पेरूच्या बागांतले सापळे याच द्रव्यावर चालतात.

नामदेवांच्या हिशेबानं त्या सापळ्यात विठ्ठलच सापडतो. गळ्यात तुळशीमाळ घातलेला वारकरी बागायतदारही तो सापळा फांदीला टांगतोच. किडका पेरू बाजारात कुणी घेत नाही.