आप्तवाक्याचे उत्तरदायित्व

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्याबरोबर शब्दालाही प्रमाण मानले. मात्र ते कोणाच्याही शब्दाला नव्हे, आप्ताच्या शब्दाला. ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जसे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असे वात्स्यायनाने म्हटले. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले. आप्तत्व अशा रीतीने कुळावर वा पदावर नव्हे, तर ज्ञान आणि कथनेच्छा या दोहोंवर उभे राहते. घर किंवा जमीन घेऊ पाहणारा मनुष्य वकिलाकडे वा मूल्यांकनकाराकडे जातो तेव्हा तो अशाच आप्ताच्या शोधात असतो. फरक एवढाच की, येथे शब्दासाठी शुल्क मोजलेले असते. तो शब्द चुकीचा ठरला तर बोलणाऱ्यावर कोणते उत्तरदायित्व येते?

भिंत डोळ्यांना दिसते, मालकी दिसत नाही. ती सात-बाराच्या उताऱ्यात, फेरफाराच्या नोंदींत आणि दुय्यम निबंधकाच्या दप्तरात विखुरलेली असते. म्हणूनच वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेण्याची आणि हक्क निर्वेध असल्याचा दाखला मिळविण्याची प्रथा रूढ झाली. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार मिळकतीतील वा हक्कातील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. मात्र विक्रेत्यास ठाऊक असलेल्या आणि खरेदीदारास सामान्य दक्षतेने न कळणाऱ्या दोषापुरतेच हे बंधन आहे. उरलेली दक्षता खरेदीदाराची. आणि ती तो सल्लागाराच्या डोळ्यांनी पार पाडतो. हाच अधिनियम असेही मानतो की, काम करताना प्रतिनिधीस जे कळले ते त्याच्या धन्यासही कळले. प्रतिनिधीने कपटाने लपविलेल्या गोष्टीस यात अपवाद आहे. निष्काळजीपणाने न सांगितलेल्या गोष्टीस तो नाही. सल्लागाराचे मौन असे दुसऱ्याच्या माथी बसते.

इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे 1989 साली निर्णयास आलेले एक प्रकरण या दृष्टीने मननीय आहे. एका स्त्रीने कर्ज काढून साधे घर घेतले. पाहणीचे शुल्क तिने भरले, परंतु सर्वेक्षकाचा करार कर्ज देणाऱ्या संस्थेशी होता. मोठी दुरुस्ती आवश्यक नाही, असा अहवाल आला. वस्तुतः खालचा आधार काढून टाकल्याने धुराड्याचा वरचा भाग अधांतरी राहिला होता. सुमारे दीड वर्षाने तो कोसळला. कर्जाच्या कागदांत जबाबदारी नाकारणारे कलम होते. न्यायालयाने ते अवाजवी ठरविले. कारण अशा घराचा खरेदीदार याच अहवालावर विसंबणार, हे सर्वेक्षकाला ठाऊक होते. करार नव्हता, तरी विश्वास होता.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. 1996 साली त्याच न्यायालयात लॉर्ड हॉफमन यांनी गिर्यारोहकाचा दृष्टान्त दिला. गुडघा ठीक असल्याचे चुकीने सांगणारा वैद्य, गुडघ्याशी असंबद्ध अशा पर्वतावरील अपघाताबद्दल उत्तरदायी नसतो. सल्लागार भवितव्याचा विमेदार नव्हे. बाजार कोसळला, म्हणून प्रत्येक मूल्यांकन खोटे ठरत नाही.

तेव्हा मर्यादा सांगणे आणि जबाबदारी झटकणे यांतील भेद ओळखणे आवश्यक ठरते. अमुक वर्षांची पुस्तके जीर्ण असल्याने पाहता आली नाहीत, असे लिहिणारा वकील आप्तत्वच पाळतो. कारण न पाहिलेले तो पाहिले म्हणून सांगत नाही. परंतु पाहणीचे शुल्क घेऊन, निष्कर्ष ठामपणे मांडून, कोणीही यावर विसंबू नये असे तळटीपेत छापणे म्हणजे कथनेच्छाच मागे घेणे होय.

भारतीय न्यायव्यवस्थेनेही हा प्रश्न हाताळला आहे. बँकेस हक्काविषयी चुकीचे मत देणाऱ्या वकिलाचा कटात सक्रिय सहभाग सिद्ध झाल्यावाचून केवळ त्या मतासाठी त्याच्यावर फौजदारी दोष येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली म्हटले. ते योग्यच होय. प्रमाद आणि कपट एक नव्हेत. 2024 साली वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. दिवाणी दाव्याचा मार्ग मात्र खुला राहिला. वकील अशिलाच्या नियंत्रणाखाली काम करतो, हा त्यामागील एक महत्त्वाचा आधार. न्यायालयात बाजू मांडणाऱ्या वकिलाबाबत तो पटण्यासारखा आहे. हक्काचा शोध घेणाऱ्याबाबत तो तितका पटत नाही; तेथे अशील नियंत्रण ठेवू शकत नाही, म्हणूनच तर तो विसंबतो.

सल्लागाराच्या कपाटात तो अहवाल शेकडो अहवालांपैकी एक असतो. खरेदीदाराच्या घरात तोच सर्व बचतीचा पाया असतो. ही विषमता कोणत्याही कराराने नाहीशी होत नाही. शुल्काने सल्लागाराचा वेळ विकत घेता येतो. जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छा मात्र त्याने स्वतःच आणावी लागते, आणि तिची खरी कसोटी गिऱ्हाइकाला नको असलेले उत्तर देण्याच्या प्रसंगी लागते.