पुरेसे म्हणजे किती?

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर संगीत ऐकण्याचा छंद काही घरांत पुन्हा शिरला आहे. हा छंद जडलेला मध्यमवर्गीय माणूस पहिल्याच पायरीवर एका जुन्या प्रश्नापाशी येऊन ठेपतो. पैसे मोजके, ते सांगणाऱ्याचे बळ वाढवण्यात घालायचे, की ज्याला सांगायचे त्याची जाण वाढवण्यात? अ‍ॅम्प्लिफायर सांगतो, आणि स्पीकर ते मनावर घेऊन हवेत उतरवतो.

हिशेब आधी पाहू. एक वॅट दिला असता एक मीटरवर जो आवाज मिळतो, तो डेसिबलमध्ये मोजतात. हीच स्पीकरची संवेदनशीलता. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्ती. तेव्हा ९६ डेसिबलचा स्पीकर जे काम ४ वॅटांत करतो, त्यासाठी ८४ डेसिबलच्या स्पीकरला सुमारे ६४ वॅट लागतात. जुन्या रेडिओंत बसणारा ईएल८४ हा व्हॉल्व्ह एकटा साधारण ५ वॅट देतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३८ सालचा नामांकित ३००बी घेतला, तरी आकडा आठच्या आसपास थांबतो. व्हॉल्व्हकडून ६४ वॅट काढायचे तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे लोखंड आणि तांबे वाढते, आणि खरा खर्च तेथेच असतो. म्हणून जाणकार म्हणतात, आधी स्पीकर निवडा. बोलपटांच्या आरंभीच्या काळात थोड्याशा वॅटांवर मोठाली थिएटरे भरून जात, ती कर्ण्यांच्या जोरावर.

आपल्या मनाला हे उदाहरण फार भावते. गरज कमी केली की थोडक्यात भागते, या अपरिग्रहाच्या शिकवणीला जणू भौतिकशास्त्राने दिलेला दाखलाच! पण मला येथे अडखळायला होते. कमी वॅटांत भागणारा स्पीकर कमी जागेत भागत नाही. लहान पेटी, खोल खर्ज आणि संवेदनशीलता ही तिन्ही एकत्र नांदत नाहीत. एकीवर पाणी सोडावे लागते. एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने १९५४ मध्ये एआर-१ काढला, तेव्हा त्यांनी संवेदनशीलता सोडली. लहान बंद पेटीतून खर्ज मिळाला आणि वॅटांची भूक वाढली. त्याआधी १९४६ मध्ये कंपनी काढणाऱ्या पॉल क्लिप्श यांची वाट उलटी. त्यांचा कर्णा खोलीच्या कोपऱ्यात बसतो आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींनाच आपला भाग करून घेतो. संवेदनशीलता शंभर डेसिबलच्या पुढे! पण जोडीसाठी दोन रिकामे कोपरे हवेत. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एका कोपऱ्यात देवघर, दुसऱ्यात शिवणयंत्र, तिसऱ्यात गाद्यांची चळत.

म्हणजे चार वॅटांची साधी राहणी परवडते ती प्रशस्त दिवाणखाना असलेल्याला. कोणाच्या साधेपणाचे कौतुक करण्याआधी त्याची किंमत कोणी आणि कशात मोजली, हे विचारायला नको का? 'मला काही लागत नाही, फक्त फळे आणि गाईचे ताजे दूध' असे म्हणणारा पाहुणा स्वतःला मिताहारी समजत असतो. स्वयंपाकघरातली धावपळ त्याच्या हिशेबात नसते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे; परंतु अंथरुणाची लांबी पाय पसरणाऱ्याने ठरवलेली नसते.

शिवाय संवेदनशील असणे म्हणजे केवळ चांगल्याला प्रतिसाद देणे नव्हे. शंभर डेसिबलचा स्पीकर षड्जाची बारीक आस ऐकवतो, तशीच ट्रान्सफॉर्मरची घरघरही ऐकवतो. मठ्ठ स्पीकरवर हीच घरघर कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यात साध्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरवरची पकड सैल असते. ज्या स्पीकरचे ओहम सुरागणिक खालीवर होतात, तो त्याच्या हाती पडला तर कुठे फुगतो, कुठे दबतो. नुसता डेसिबलचा आकडा पाहून सोयरीक जुळवू नये ती यासाठी. वर्गातही मी हे पाहत आलो आहे. जो मुलगा हलक्या आवाजातले सांगणे टिपतो, त्याच्यासाठी ओरडावे लागत नाही, हे सोयीचेच. पण शिक्षकाच्या स्वरातला कंटाळाही तोच पहिल्यांदा टिपतो. त्याच्यापुढे उभे राहणाऱ्याने आपली घरघर आधी कमी करायला हवी.

मग बेताच्या मिळकतीच्या माणसाने काय करावे? माझे मत विचाराल, तर शंभरीच्या मागे लागू नये. ९० ते ९२ डेसिबलची, जमिनीवर उभी राहणारी मध्यम पेटी घ्यावी, ओहमचा आलेख फार खालीवर नसलेली. जोडीला दर बाजूस दोन-दोन ईएल८४ चा, दहा-बारा वॅटांचा अ‍ॅम्प्लिफायर. घरात बसून ख्याल ऐकताना बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा खर्ची पडत नाही. उरलेले वॅट तबल्यावर एखादी जोरकस थाप पडली की त्या क्षणापुरते लागतात. आणि शिवणयंत्र आहे तेथेच राहते.