सामर्थ्याची निवड

हौसेनें बांधावयाच्या वेगवान मोटारीस कोणते दोन टर्बोचार्जर जोडावे, हा प्रश्न जालना जिल्ह्यांतील टेंभुर्णीसारख्या गांवीं बसून चर्चिणें कित्येकांस विनोदाचें वाटेल. परंतु २०२२ सालीं याच जिल्ह्यांतून समृद्धि महामार्ग खुला झाला. तेव्हां प्रश्न दूरचा नव्हे.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. वाया जाणाऱ्या धुरानेंच चक्र फिरवून इंजिनांत अधिक हवा कोंबावयाची, हें तिचें मर्म. चक्र मोठें घेतलें तर शेवटीं अचाट शक्ति मिळते, पण तें जागें होण्यास विलंब लागतो. लहान घेतलें तर तें तत्काळ साद देतें, पण इंजिनाचा वेग चढला म्हणजे त्याचा दम कोंडतो. एका मोठ्याऐवजीं दोन लहान चक्रें बसविण्याची युक्ति या पेंचावर उतारा म्हणूनच आहे.

कोणी म्हणेल, पैसा आमचा, मोटार आमची, मोठेंच घेऊं. पण रस्ता एकट्याचा नाहीं. महामार्गावर मोटारीस ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. ज्या अचाट शक्तीसाठीं विलंब सोसावयाचा, तिला तेथें वावच नाहीं. शिवाय जी शक्ति मागितल्या क्षणीं येत नाहीं आणि आली म्हणजे एकाएकीं उसळते, ती चालकाच्या आज्ञेंत राहीलच असें नाहीं. तिचा दंड मात्र वाटेंतल्या परक्यास भरावा लागतो. म्हणून, किती मिळेल यापूर्वीं किती सांभाळवेल हें विचारावें, असें आम्हांस वाटतें.