भवानी

सिल्वासाच्या मासळी बाजारात सकाळी पहिलं गिऱ्हाईक मी असले, की मावशी माझी नोट आधी मासळीच्या वाट्यावरून ओवाळतात, कपाळाला लावतात, मग कनवटीला खोचतात. ‘भवानी झाली, बाई.’ दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपल्याकडे देवीचंच नाव आहे.

मावशी डहाणूकडच्या, मांगेला समाजाच्या. पहाटेच्या गाडीने वापीला उतरून टोपली घेऊन येतात. गळ्यात तुळशीची माळ. माळ घातल्यापासून स्वतः मासे खात नाहीत, विकतात मात्र रोज.

गेल्या वर्षी आमच्या किलवणीत एका घरी कीर्तन होतं. मीच आग्रह केला म्हणून मावशी मुक्कामाला राहिल्या आणि दाराशी टेकून बसल्या. बुवा रंगात आले आणि म्हणाले, जीव विकून पोट भरणाऱ्याने माळ घालणं ही देवाची फसवणूक आहे. मावशी उठून गेल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर पुढे ओढून माळ झाकली. मी शेजारीच होते आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून सलतं, म्हणून हे लिहिते आहे.

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. तपाचा गर्व झालेल्या कौशिकाला धर्म शिकायला पाठवलं जातं ते मिथिलेच्या बाजारात, मांस विकणाऱ्याकडे. हा व्याध स्वतः मारत नाही, खात नाही. आई-वडिलांची सेवा करतो आणि वाट्याला आलेला धंदा सचोटीने करतो. तो कौशिकाला सांगतो, की नांगराखालीही असंख्य जीव मरतात. किलवणीत राहणाऱ्याला हे वेगळं पटवावं लागत नाही. आषाढात चिखलणी सुरू झाली की गांडुळं, बेडकांची पिल्लं, खेकडे नांगराखाली जातात आणि बगळे मागोमाग चालतात. तोच भात आपण नैवेद्याच्या पानात वाढतो. भाताच्या ताटात मरण दिसत नाही, मावशींच्या टोपलीत दिसतं, एवढाच फरक. कल्ला उचलून त्या आतला लाल रंग दाखवतात. त्या काहीच लपवत नाहीत.

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. दक्षिण कोरियातल्या बुसान बंदरात जागलची नावाचा मोठा मासळी बाजार आहे. तोही बायकांच्याच जिवावर चालतो. त्यांना तिथे आजुम्मा म्हणतात, म्हणजे आपल्या मावशी-काकूच. कोरियातल्या बौद्धांमध्ये जिवंत मासे विकत घेऊन पाण्यात सोडण्याचा विधीही आहे. करुणेचा तो विधी मला आवडतो. पण सोडायचा मासाही कुणीतरी आधी पकडलेलाच असतो ना!

मग काहीही चालतं का? नाही. मला वाटतं, पाप ठरतं ते हावेपाशी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण तेव्हा माशांच्या पोटात गाभोळी असते. कोळी-मांगेल्यांची जुनी रीत तर नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात न लोटण्याची. आमच्याकडचे वारलीही नवं पीक आधी देवाला दाखवतात, मग चुलीवर चढवतात. थांबणं हीच इथली पूजा. बंदीचे ते दिवस मावशी सुकट, बोंबील, सोडे विकतात. आमची आगोटीची खरेदी त्यांच्याकडेच.

2023 साली महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा ठरवलं, कारण पिल्लं धरून धरून तो मासाच कमी होत चालला होता. मावशींच्या टोपलीत तळहाताएवढं पापलेट मी कधी पाहिलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ‘पिल्लू घेतलं तर पोरांच्या पोरांनी काय विकायचं, बाई?’ आणि वाट्यावर चार करंद्या जास्तीच्या टाकल्या.

याहून वेगळा धर्म बुवांना अभिप्रेत असेल, तर तो मला कळलेला नाही. ज्या माळेने मावशींना मासे खाणं सोडायला लावलं, त्याच माळेने मापात खोट करू दिली नाही. ती माळ झाकायची गरज नव्हती.

यंदा कीर्तन आमच्या अंगणात आहे. मावशींना निरोप धाडला आहे. तुमच्या गावातही कुणी मासळीवाली दाराशी टेकून बसलेली दिसली, तर तिला हाताला धरून पुढे आणून बसवा.