व्यक्तिचित्राचे ऋण

स्टॅन्ली टुची याने दिग्दर्शित केलेला ‘जो गूल्ड्स सीक्रेट’ (२०००) हा चित्रपट वरवर पाहता एका बेघर, विक्षिप्त लेखकाचे व्यक्तिचित्र आहे. हार्वर्डचा पदवीधर असलेला जो गूल्ड न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागात परिचितांच्या मदतीवर जगतो, आपल्याला समुद्रपक्ष्यांची भाषा येते असे सांगतो आणि सामान्य माणसांच्या बोलण्यातून काळाचा प्रचंड ‘मौखिक इतिहास’ लिहीत असल्याचा दावा करतो. जोसेफ मिचेल याने १९४२ साली ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लेख लिहून त्याला प्रसिद्धी दिली. पुढे मिचेलची खात्री झाली, की हा ग्रंथ अस्तित्वातच नाही; गूल्ड मोजकी प्रकरणेच पुनःपुन्हा लिहीत आला आहे. ही गोष्ट त्याने प्रकट केली ती १९६४ मध्ये, गूल्डच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

हे मौन करुणेपोटी होते, की स्वतःच्या पहिल्या लेखाच्या रक्षणासाठी? चित्रपट या प्रश्नाचे उत्तर देत नाही, आणि ते योग्यच आहे. मिचेलची भूमिका दिग्दर्शकाने स्वतः केल्यामुळे चित्रणाचा केंद्रबिंदू इयन होमच्या गूल्डकडून त्याचे चित्र रेखाटणाऱ्याकडे सरकतो. १९६४ नंतर १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मिचेल कार्यालयात जात राहिला. पण त्या साप्ताहिकात त्याचा नवा लेख प्रसिद्ध झाला नाही. त्यामुळे न लिहिणारे दोन लेखक एकमेकांची प्रतिबिंबे ठरतात. ही रचना कलादृष्ट्या समर्थ आहे. परंतु तिच्यात न-लेखनाला एक उदात्त, शोकात्म वलय प्राप्त होते, आणि खरी नैतिक अडचण तेथे सुरू होते.

जिल लेपोर या इतिहासकार स्त्रीने २०१६ मधील ‘जो गूल्ड्स टीथ’ या पुस्तकात ग्रंथाच्या नसण्याविषयीची मिचेलची निश्चितीच प्रश्नांकित केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हार्लेममधील कृष्णवर्णीय शिल्पकर्त्री ऑगस्टा सॅव्हेज हिचा गूल्डने दीर्घकाळ पिच्छा पुरवून तिला छळले, हे तिने समोर आणले. चित्रपटात १९३३ साली गूल्डचे नग्नचित्र रंगवणाऱ्या ॲलिस नीलला स्थान आहे, सॅव्हेजला नाही. ज्या स्त्रीने गूल्डकडे पाहिले ती कथेत येते. जिच्यावर त्याची नजर खिळली होती ती येत नाही.

याचा दोष केवळ दिग्दर्शकाचा म्हणता येणार नाही, कारण मिचेलच्या ज्या संहितांवर चित्रपट उभा आहे त्यांतच ती अनुपस्थित आहे. मात्र संहितेबरोबर तिची दृष्टीही वारशाने येते. ‘विक्षिप्त’ हे विशेषण सुरक्षित अंतरावरून पाहणाऱ्याचे असते. ज्याच्या दारापर्यंत तो विक्षिप्तपणा येऊन पोहोचतो त्याला तेच वर्तन भयप्रद वाटते. बेघर माणसाविषयीची करुणा त्यामुळे खोटी ठरत नाही, पण ती पुरेशीही ठरत नाही. व्यक्तिचित्रकार आपल्या विषयाचा ऋणी असतो हे आपण सहज मान्य करतो. त्या विषयामुळे ज्यांनी सोसले त्यांचेही ऋण त्याच्यावर असते, हे मात्र अशा चित्रणांचे मूल्यमापन करताना समीक्षेच्या नजरेतून सहसा सुटते.