तिरपं ऊन

डिसेंबर संपत आलाय. पुण्यातली सकाळ आहे, साडेनऊचा सुमार. अंगणात, गच्चीवर, गॅलरीत, जिथे ऊन येत असेल तिथे बसा. स्वेटर असू द्या अंगात. घाई नाही. सूर्याकडे थेट बघायचं नाही, एवढं पथ्य मात्र पाळा.

एक तळहात पुढे करा आणि सूर्याला समोरासमोर दाखवा. डोळे मिटा. कातडीवर ऊब जमू लागेल, आधी तळव्याच्या खोलगटात, मग बोटांच्या पेरांवर. ती नीट जाणवेपर्यंत थांबा.

आता हात तिथेच ठेवून मनगट सावकाश वळवा. मागच्या भिंतीवर सावली पडत असेल तर डोळे उघडून तिच्याकडे बघा. पंजाची रुंद सावली निमुळती होत जाते आणि शेवटी तिची रेघ उरते. हाताने जेवढं ऊन अडवलं, तेवढीच सावली. हात सूर्यापासून लांब गेला नाही, सूर्यही तोच, तरी ऊब ओसरली.

मग तळहात आभाळाकडे करून आडवा धरा, खालच्या फरशीला समांतर. या वेळी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर असतो. एक चौरस मीटरचा किरणांचा झोत फरशीवर दोन चौरस मीटर पसरतो. एका पोळीचं तूप दोन पोळ्यांना लावल्यासारखं. शिवाय डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने या किरणांना जवळजवळ दुप्पट हवा ओलांडून यावं लागतं, त्यात आणखी थोडं ऊन गळतं. कोवळं ऊन म्हणतो ते हेच.

इथे जरा रेंगाळा. थंडीत सूर्य लांब जात असेल, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी त्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला हेच अंतर १५.२ कोटी होतं. आत्ता आपण पन्नास लाख किलोमीटर जवळ बसलोय, ऊनही जवळपास सात टक्के जास्त मिळतंय, आणि तरी स्वेटर काढवत नाही. पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे आणि या दिवसांत आपली बाजू सूर्यापासून पलीकडे झुकलेली आहे. दिवसही लहान, अकरा तासांचा.

मनातल्या मनात एक मीटरची काठी उभी करा. २२ डिसेंबरला पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते. ती रोजच्या रोज आखडत जाताना बघा. संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, सावलीही तशीच घटते. फेब्रुवारी, होळी, पाडवा. १३-१४ मेच्या सुमाराला, भर दुपारी, काठीला सावलीच उरत नाही. मीटरभराचा झोत मीटरभर जमिनीवर, पसरायला वाव नाही. तरी डांबरी रस्ता सर्वांत तापतो तो त्यानंतर काही वेळाने, कारण तोवर जमीन जेवढी उष्णता सोडते त्याहून जास्त घेत असते.

सूर्य पुण्याच्या डोक्यावर वर्षातून दोनदा येतो. दुसरी खेप जुलैच्या शेवटी. कोन तोच, पण तेव्हा वर पावसाळी ढग असतात आणि आपल्या हातात छत्री. या खेपेचा कौतुकसोहळा फारसा होत नाही, बिचारी वाया जाते. एकट्या कोनावर सगळं ठरत नाही, हे मात्र ती दाखवून देते.

आणखी एका ठिकाणी जाऊन या. २१ जून, उत्तर ध्रुव. सूर्य दिवसभर २३.४ अंशांवरच फिरत राहतो, पण मावळतच नाही. वातावरणाच्या माथ्यावर चोवीस तासांत पोचणारं ऊन मोजलं तर ते त्या दिवशी विषुववृत्तापेक्षाही जास्त भरतं. त्यातलं पुष्कळसं ढग आणि पांढरा बर्फ परत पाठवतात, उरलेल्यातलं बरंचसं बर्फ वितळवण्यात खर्ची पडतं, आणि पारा शून्याच्या आसपासच राहतो.