फूल, दोन पाने आणि भाकितांचा हिशेब

स्वशासनाविषयीचा कोणताही वाद वरकरणी एकच भासत असला, तरी त्यात दोन निराळे प्रश्न गुंतलेले असतात. आपल्यावर राज्य कोणी करावे, हा पहिला. आणि ते राज्य कोणत्या सीमांच्या आत असावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दर निवडणुकीत मिळते आणि पुढच्या खेपेस फिरवताही येते. दुसरा मात्र लोकांना क्वचितच विचारला जातो आणि त्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. राजकीय भाकिते करणाऱ्यांच्या हाती जी आकडेवारी असते ती बहुतांशी पहिल्या प्रश्नाची असते, आणि तीच दुसऱ्याला बेधडक लावली जाते. अशी भाकिते का फसतात हे समजून घ्यायचे असेल, तर मतदाराच्या लहरीपणाला बोल लावण्यापूर्वी ही अदलाबदल तपासणे योग्य ठरते.

आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुका या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९४३ पासून तत्कालीन सातारा जिल्ह्याच्या या भागात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले, म्हणजे परकी सत्ता जागेवर असतानाच गावांनी न्यायदान मंडळांमार्फत आपले तंटे सोडवण्याची आणि तुफान सेनेमार्फत आपला बंदोबस्त राखण्याची समांतर व्यवस्था उभी केली. शेतकऱ्याला स्वतःचा कारभार झेपणार नाही, हे साम्राज्याचे जुने भाकीत तेथे निदान तीन वर्षे तरी खोटे ठरत होते. पुढे १९४९ मध्ये हा भाग दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. दरम्यानच्या १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेने पश्चिम महाराष्ट्रातील काँग्रेसची पाळेमुळे हलली; साताऱ्यातून नाना पाटील लोकसभेत गेले आणि खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून जेमतेम निवडून आले. त्या निकालावरून काँग्रेसचा या भागातील काळ संपला असे अनुमान काढणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि दोनच वर्षांत, १९६२ च्या निवडणुकीत, काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. सहकाराच्या जाळ्याचा त्यात वाटा होताच. परंतु मूळ गोष्ट अशी की १९५७ चे मत सीमेविषयीचे होते आणि ते पक्षाविषयीचे म्हणून वाचले गेले.

गोव्यात नेमकी याच्या उलट चूक झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपल्यावर गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला, आणि डिसेंबर १९६३ मध्ये झालेल्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. पक्षाच्या नावातच विलीनीकरणाची, म्हणजे गोवा महाराष्ट्रात सामील करण्याची, मागणी होती. कुळे, मुंडकार आणि एकूण बहुजन समाज बांदोडकरांच्या मागे होता, लोकसंख्येत हिंदू बहुसंख्य होते, आणि शाळा, वृत्तपत्रे व देवळांतील कीर्तने यांची भाषा मराठी होती. एवढ्या भांडवलावर विलीनीकरण ही केवळ औपचारिकता उरली आहे, असे महाराष्ट्रातील बहुतेक पुढाऱ्यांनी धरून चालणे समजण्यासारखे होते, क्षम्य होतेच असे नव्हे. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचा आग्रह असा की, हा निर्णय विधानसभेतील बहुमताने न होता थेट लोकांना विचारून व्हावा. आणि डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदारांपुढे दोन चिन्हे होती: विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने.

दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. म्हणजे ३४,०२१ मतांच्या फरकाने गोव्याने विलीनीकरण नाकारले. केवळ धर्माच्या हिशेबाने हा निकाल उलगडत नाही, कारण हिंदू मतदारांचा मोठा गट दोन पानांकडे वळल्याशिवाय तो लागलाच नसता. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयीची नाराजी, नोकऱ्या बाहेर जातील ही धास्ती, महाराष्ट्रातील दारूबंदीचा माडाच्या व्यवसायावर होऊ शकणारा परिणाम आणि एका मोठ्या राज्याचा एक जिल्हा होऊन पडण्याची भीती, या गोष्टी घराघरांत बोलल्या जात होत्या. ‘राष्ट्रमत’ हे दैनिक विलीनीकरणाच्या विरोधात उभे राहिले, त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गाजले आणि उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी गावोगाव पोहोचली. ‘राष्ट्रमत’ मराठी होते, ही बाब मराठीच्या प्रेमाला महाराष्ट्राचे मत समजणाऱ्यांनी तेव्हाच लक्षात घ्यायला हवी होती. त्याहून बोलका निकाल दोन-अडीच महिन्यांनी लागला: मार्च १९६७ च्या निवडणुकीत याच मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्ता दिली आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. नेता तोच हवा, पण राज्य वेगळे हवे, असे हे उत्तर होते, आणि त्यात विसंगती शोधणाऱ्याला दोन प्रश्नांतील भेद कळला नाही असेच म्हणावे लागते.

स्कॉटलंडचा इतिहास या निकालाशी इतका जुळतो की तो योगायोग नोंदवल्यावाचून राहवत नाही. गोव्यातील वैध मतांपैकी सुमारे ५५.५ टक्के विलीनीकरणाविरुद्ध होती. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडच्या ५५.३ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नाकारले. तेथेही स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टी २०११ पासून १२९ पैकी ६९ जागांच्या बहुमताने प्रांतिक सरकार चालवत होती, आणि सार्वमत हरल्यानंतर आठच महिन्यांनी ब्रिटिश संसदेसाठीच्या स्कॉटलंडमधील ५९ पैकी ५६ जागा तिने जिंकल्या. मुळात १९९० च्या दशकात, एडिंबरोत वेगळी विधिमंडळ-व्यवस्था दिली की राष्ट्रवादाची धार कायमची बोथट होईल, असे भाकीत मजूर पक्षाचे नेते जॉर्ज रॉबर्टसन यांनी केले होते. त्याच विधिमंडळाने त्या राष्ट्रवादाला राज्यकारभाराचा अनुभव आणि व्यासपीठ दोन्ही दिले.

सार्वमताच्या वेळची भाकिते दोन्ही बाजूंची फसली, हे विशेष. स्कॉटिश सरकारच्या २०१३ च्या श्वेतपत्रिकेतील उत्पन्नाचा हिशेब खनिज तेल पिंपामागे ११० डॉलरच्या आसपास राहील या गृहीतावर बेतलेला होता. जानेवारी २०१५ मध्ये ते ५० डॉलरच्याही खाली आले. उलटपक्षी, युरोपीय संघात टिकायचे तर ब्रिटनमध्येच राहिले पाहिजे, असे एकसंधतावादी सांगत होते. २०१६ मध्ये ब्रिटनने संघ सोडण्याचा कौल दिला, आणि स्कॉटलंडचे ६२ टक्के मत त्याविरुद्ध होते.

यावरून सर्वच राजकीय भाकिते टाकाऊ ठरत नाहीत. फिलिप टेटलॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २८४ तज्ज्ञांच्या हजारो भाकितांची सुमारे दोन दशके नोंद ठेवून २००५ मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो एवढाच होता की दूरच्या घटनांविषयी तज्ज्ञ साध्या ठोकताळ्यांपेक्षा फारसे सरस ठरत नाहीत, आणि सगळ्या जगाला एकाच मोठ्या सिद्धान्ताने मोजणारे इतरांहून अधिक चुकतात. मतदानाच्या तोंडावर, तोच प्रश्न विचारून घेतलेल्या चाचण्यांची गोष्ट वेगळी असते. २०१४ मधील अखेरच्या चाचण्यांनी स्वातंत्र्याविरुद्धची आघाडी बहुतांशी दाखवलीच होती. मात्र अशी चाचणी स्वतःही घटनाक्रमात हस्तक्षेप करते. सप्टेंबरच्या आरंभी एका चाचणीत स्वातंत्र्यवादी ५१ विरुद्ध ४९ असे पुढे दिसताच लंडनच्या तिन्ही प्रमुख पक्षांच्या नेत्यांनी घाईघाईने स्कॉटलंडला अधिक अधिकार देण्याचे संयुक्त वचन जाहीर केले. हवामानाच्या अंदाजाने पाऊस बदलत नाही. राजकारणात अंदाज ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या हाती तो बदलण्याची साधने असतात.

आणखी एका बाबतीत गोवा आणि स्कॉटलंड यांची गाठ पडते. ‘अधिक अधिकार, पण स्वातंत्र्य नाही’ हा मधला पर्याय २०१४ च्या मतपत्रिकेवर ठेवण्यास लंडनने नकार दिला होता, आणि २०१६ च्या कायद्याने स्कॉटलंडला मिळाले ते त्याच दिशेचे होते. गोव्याच्या मतपत्रिकेवरही फूल आणि दोन पाने याखेरीज तिसरे चिन्ह नव्हते. स्वतंत्र घटक राज्याचा पर्याय मतदारांपुढे ठेवलाच गेला नव्हता. ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले.